दुर्पताबाईच्या मार्फत

माझी माय आणि माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एका घरात राहून एकमेकांशी कधी बोलले नाहीत. भांडण नव्हतं, भांडायला आधी बोलावं लागतं. नात्याने ते तिचे भासरे, ती त्यांची धाकटी भावजय. आणि आमच्या वऱ्हाडात भासऱ्यासमोर भावजयीने तोंड उघडायचं नसे, समोर यायचं नसे, त्यांच्या खाटेला तर चुकूनही टेकायचं नसे. मोठेबाबांना माजघरात यायचं झालं की ते ओसरीवरूनच खाकरायचे. ते खाकरणं कानावर आलं की माय हातातलं उलथणं टाकून दाराआड व्हायची, ते पाणी पिऊन परत जायचे, आणि तव्यावरची भाकर करपायची. लहानपणी मला वाटायचं, मोठेबाबांना जन्माचा खोकला आहे. पुढे मी हाच विषय कॉलेजात शिकवला. पुस्तकात त्याला परिहार-संबंध म्हणतात. मुली तो शब्द मान खाली घालून उतरवून घ्यायच्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, कारण मला उलथणं पडल्याचा आवाज यायचा आणि हसू आवरायचं नाही.

मग घर चालायचं कसं? आमच्या मार्फत. "कुसमे, तुह्या मोठेबाबाले म्हन, पानी काढलं." मी वळून म्हणायची, मोठेबाबा, पाणी काढलं. "कुसमे, तुह्या मायले सांग, आज ठेचा चांगला झाला." मी वळून मायला सांगायची. दोघांमध्ये अंतर चार हातांचं, दोघांचेही कान शाबूत, पण मी सांगेपर्यंत दोघेही ऐकलंच नाही असा चेहरा करून उभे राहायचे. जवळ मूल नसलं तर भिंत चालायची, म्हैससुद्धा चालायची. "लोक जेवाले येऊन नाई राहिले, भाकरी गार होऊन राहिल्या," असं मायने म्हशीला सांगितलेलं मी ऐकलं आहे, आणि मोठेबाबा मुकाट्याने हात धुवायला उठलेले पाहिले आहेत. मात्र या टपालाला मर्यादा होती. पाणी, भाकर, पाहुणे, कुणाचा ताप, एवढंच त्यातून जायचं. वाद जायचा नाही. लेकराच्या तोंडी मोठ्यांचा वाद घालणं वाईट दिसतं, आणि म्हैस उत्तर देत नाही. त्यामुळे घरातल्या मोठ्या गोष्टी मोठेबाबा एकटेच ठरवायचे आणि त्या सगळ्यांच्या मताने ठरल्या असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

आमचं घर अमरावतीत, अंबागेटच्या आत. सकाळी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या भोंग्याने जाग यायची, मग जात्याची घरघर, आणि ऊन ओसरीवर येता येता मोठेबाबांच्या अडकित्त्याचं कट्‌कट्‌ सुरू व्हायचं, ते दिवसभर. शेत ते बघायचे. माझे बाबा कचेरीत कारकून. बाबा इतके मवाळ की दोन माणसं त्यांच्यासमोर उलटसुलट बोलली तर ते दोघांकडे पाहून मान हलवायचे. मोठेबाबांची बायको म्हणजे आमची जिजी. तिला मूलबाळ नव्हतं, पण आवाज पाच लेकरांच्या आईचा होता. मोठेबाबांना सगळी अमरावती वचकून असे आणि ते जिजीला वचकून असत, पण हे कुणी बोलून दाखवायचं नाही अशी रीत होती.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले होते, शाळेत पहिली. माझ्या मनात कॉलेज होतं. मोठेबाबांच्या मनात काय आहे ते मला माहीत नव्हतं, कारण ते मला सांगायचं काही कारणच नव्हतं. आणि नेमकी तेव्हा ती बाई आली.

तिचं नाव डोरोथी. जिजीने पहिल्याच दिवशी तिची दुर्पताबाई केली आणि सगळ्या आळीने ते मंजूर केलं. ती विलायतेची की अमेरिकेची, हे आमच्या घरात शेवटपर्यंत ठरलं नाही. उंच, हडकुळी, उन्हाने नाक लाल झालेली, पॅन्ट घालणारी. निरनिराळ्या देशांत बाया काय करतात, पुरुष काय करतात, कोण कुणासमोर बोलतं, घरात कुणाचं चालतं, याचा अभ्यास करायला ती हिंडत होती. याआधी कुठल्याशा बेटावर राहून आली होती. तिथले पुरुष म्हणे नटूनथटून नाचायचे आणि बाया मासे पकडायच्या. हे ऐकून जिजी म्हणाली, "मंग स्वैपाक कोन करते?" दुर्पताबाईने हा प्रश्न तिथे विचारला नव्हता. ती जरा ओशाळली.

येताना तिने पुण्याचे एक गृहस्थ दुभाष्या म्हणून आणले होते. ते ओसरीवर आले की बाया आत पळायच्या, त्यामुळे बायांचा अभ्यास व्हायचा नाही. त्यात त्यांना आमची भाषा झेपेना. जिजीने आपुलकीने विचारलं, "काहून आले जी तुमी?" म्हणजे कसं येणं केलं, तर त्यांना वाटलं, हाकलून देत आहेत. आठवड्याभरात ते पुण्याला गेले आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव सुचवलं. मोठेबाबांना त्याचा केवढा अभिमान! त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून, म्हणजे पुरुषांना ओसरीवर आणि बायांना दाराआड, बजावलं, "सरकारी कागद घेऊन आलेली बाई आहे. तिनं जे इचारलं ते खरं सांगाचं. कोनी लपवाछपवी केली तं देशाची बदनामी होते." हा हुकूम आपल्यालाच महागात पडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पहिली अडचण जेवणाची आली. आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग बायांची. या बाईला कुठे बसवायचं? जिजीने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाई म्हनाव तं पाटलोन घालते. मानूस म्हनाव तं कानात डूल आहे. जाऊ द्या, पाहुना म्हना अन वाढा." म्हणून दुर्पताबाई पुरुषांबरोबर बसली. पण तिला बायांबरोबर जेवायचं होतं, कारण अभ्यास तिथे होता. मग ती पुन्हा आमच्याबरोबरही बसायची. पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण दोन्ही पंगतींत जेवायची. अभ्यासापायी तिचा हडकुळेपणा बराच कमी झाला.

तिचे प्रश्न साधे होते आणि त्यांची उत्तरं आम्हाला कुणालाच येत नव्हती. घरचा कर्ता कोण? बाबांनी मोठेबाबांकडे बोट केलं, मोठेबाबांनी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे केलं, आणि जिजी नुसतीच हसली. तुम्ही दिवसभर काय काम करता, असं मायला विचारलं तेव्हा ती पाट्यावर मिरच्या वाटत होती, पायाने मांजर हाकलत होती आणि चुलीवरच्या डाळीकडे लक्ष ठेवून होती. "काई नाई," माय म्हणाली, "घरीच असतो." मी तसंच इंग्रजीत सांगितलं. दुर्पताबाईने आधी मायच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल टेकवली नाही. तेव्हापासून मला ती आवडायला लागली. उलट जिजीचा तिच्यावरचा अभ्यासही जोरात चालला होता. नवरा कुठे आहे, लेकरं किती, सासू कशी. नवरा घरी आहे आणि आपल्या हाताने करून खातो, हे कळल्यावर जिजीने आळीभर जाहीर केलं की तिकडे बाया कमावतात आणि माणसं चूल फुंकतात. एका बाईवरून अख्ख्या देशाचा निष्कर्ष काढायची तिची पद्धत मी पुढे पुष्कळ जाड पुस्तकांत पाहिली.

तो दिवस लग्नांच्या प्रश्नांचा होता. दुपार कलली होती. ओसरीवर मोठेबाबा खाटेवर, बाबा सतरंजीवर, दुर्पताबाई खुर्चीवर, मी तिच्या पायाशी. माय आणि जिजी माजघराच्या दारात, आतल्या अंगाला. मुलींची लग्नं कोण ठरवतं, असा प्रश्न होता. मोठेबाबा खुलले. "घरातलं मोठं मानूस ठरवते. बायांले काय इचाराचं? आता हेच पाय ना, बाईले सांग, या घरातल्या पोरीचं आमी अकोल्याले ठरवलं. जठारपेठेत घर आहे, सरकी-ढेपीचं दुकान आहे. बुधवारी जाऊन सुपारी फोडतो."

मी भराभर सांगत गेले. या घरातल्या मुलीचं अकोल्याला ठरवलं आहे, जठारपेठेत घर आहे, दुकान आहे, बुधवारी. बुधवारी, एवढं म्हणून मी थांबले. त्या घरात मुलगी एकच होती. स्वतःच्या लग्नाची बातमी स्वतःच्याच तोंडून आणि इंग्रजीत कळलेली दुसरी बाई वऱ्हाडात असेल असं मला वाटत नाही. दुर्पताबाईलाही काहीतरी कळलं असावं. तिने विचारलं, ही मुलगी म्हणजे तू? मी मान हलवली. मग ती दाराकडे वळली आणि म्हणाली, मुलीच्या आईला काय वाटतं?

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांच्या मनात असेल तसं, एवढं म्हणायचं आणि पदर सारखा करायचा. मी ते मनातल्या मनात इंग्रजीत जुळवूनही ठेवलं. मायने नुसता पदर सारखा केला. दुर्पताबाई थांबली. तिला थांबता यायचं. तो तिच्या धंद्याचाच भाग होता. मायने आमच्याकडे पाठ केली, चौकटीला तोंड लावलं आणि चौकटीला म्हणाली, "बाईले सांग, तिनं इचारलं अन खरं सांगा म्हनून हुकूम आहे म्हनून सांगतो. मले अकोल्याचं पसंत नाई. पोरीले कालेजात घालाचं आहे."

अडकित्ता थांबला. दिवसा तो थांबलेला मी प्रथमच ऐकला. मोठेबाबांना भावजयीला उत्तर देता येत नव्हतं, आणि पाहुणीसमोर उठून जाणंही शोभलं नसतं. शेवटी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाईले म्हना, काहून पसंत नाई ते तिले इचारा. खातंपितं घर आहे, एकुलता एक पोरगा आहे." एरवी मला अरेतुरे करणारे मोठेबाबा त्या क्षणी मला 'म्हना' म्हणाले, त्यावरून त्यांची अवस्था समजावी. मी इंग्रजीत सांगितलं. दुर्पताबाई आनंदाने दाराकडे वळली आणि का पसंत नाही म्हणून विचारू लागली. तिला वाटलं, प्रश्न तिचाच आहे.

आणि मग वाद सुरू झाला. इतक्या वर्षांचा साठलेला, व्यवस्थित, सभ्य वाद. माय चौकटीला सांगायची, मी ते विलायतेला न्यायची, बाईची मान हलायची, आणि मान हलली की मगच मोठेबाबा बोलायचे. तेही बाईशी. दोघांनाही एकमेकांचं आधीच ऐकू आलेलं असायचं, पण मान हलल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही. त्यामुळे कुणाचा आवाज चढला नाही. इंग्रजीतून जाऊन येईपर्यंत राग थोडा निवायचा.

"बाईले सांग, कालेजात जाऊन काय कलेक्टर होनार आहे का पोट्टी?"

"बाईले सांग, होईन का नाई ते मले मालूम नाई. सरकी तोलाले बसली तं नक्की नाई होनार."

आत जिजी फस्सकन हसली. मोठेबाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाईले सांग, आमी काय पोरीचे दुश्मन आहो का? तिचं भलं आमाले नाई समजत?"

माय बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "बाईले सांग, ते दुश्मन नाई. देवमानूस आहे. पन या घरात आली तवापासून मले कोनं काई इचारलं नाई. मी कुठं राहीन, काय घालीन, माह्यं लेकरू कुठं जाईन. सात समुद्राच्या पल्याडून एक बाई आली तवा मले पह्यल्यांदा कोनी इचारलं, तुले काय वाटते म्हनून. माह्या पोरीले इचाराले तरी कोनाले इतक्या दुरून या लागू नये."

दुर्पताबाई माझ्याकडे पाहत होती, आणि माझं मॅट्रिकचं इंग्रजी, शाळेत पहिलं आलेलं इंग्रजी, तेवढ्याला पुरेना. मला रडू येत होतं. मी एवढंच सांगू शकले की माझ्या आईला अकोला आवडत नाही. दुर्पताबाई चकित झाली. अकोल्यात असं काय वाईट आहे, असं तिने विचारलं. मोठेबाबा खाली मान घालून बसले होते, म्हणून तिने आपल्या प्रश्नांच्या यादीप्रमाणे वडिलांना काय वाटतं ते विचारलं. बाबांनी दाराकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले दोघाईचंई पटते."

पुढच्या चार दिवसांत आळीतल्या बायांना या बाईचा उपयोग कळून चुकला. आधी तिला पाहून दारं लावणाऱ्या बाया आता ओट्यावरून हाका मारायच्या. "दुर्पताबाई, आमच्या घरी कवा येता? सासरे घरी असतीन तवा या." समोरच्या मंजुळाकाकूने सासऱ्यांच्या देखत बाईला सांगितलं की चुलीच्या धुराने डोळे जाऊन राहिले, धुराडं बसवा म्हणून कुणी म्हणत नाही. आठवड्यात धुराडं बसलं. कुणी दिराचं सांगितलं, कुणी माहेरी जायचं सांगितलं. मी सांगून सांगून घोगरी झाले. पुष्कळ वर्षांनी एका वाचनालयात दुर्पताबाईचं पुस्तक माझ्या हाती लागलं. त्यात आमच्यावर एक अख्खं प्रकरण होतं. वऱ्हाडातल्या स्त्रिया घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांसमोर आपली मतं विलक्षण मोकळेपणाने मांडतात, असा तिचा निष्कर्ष होता. तळटीप अशी की अमरावतीच्या आया आपल्या मुली अकोल्याला द्यायला नाखूष असतात, आणि याची कारणं अधिक संशोधनाची वाट पाहत आहेत. ती वाट अजून कुणी संपवलेली नाही. अकोल्यात माझे दोन मावसभाऊ राहतात, त्यांची मी मनोमन माफी मागितली.

सोमवारी दुर्पताबाई गेली. जिजीने तिची खणानारळाने ओटी भरली. पॅन्टवर ओटी कशी भरायची हा प्रश्न तिने खांद्यावर पंचा घालून सोडवला. टांगा वळणाआड गेला. बोलायची वाट बंद झाली होती. मोठेबाबा त्या दुपारपासून गप्प होते. ना रागावले, ना विषय काढला. मायही पुन्हा दाराआड गेली होती. मंगळवार तसाच गेला. बुधवारी सकाळी मोठेबाबांनी कोट चढवला, टोपी घातली. मायने त्यांची आणि बाबांची शिदोरी बांधली; तिळाची चटणी, दशम्या. ज्या सुपारीला तिचा विरोध होता तिच्यासाठी तिने दशम्या दुधात भिजवल्या. मी शिदोरी घेऊन ओसरीवर गेले.

"कुसमे," मोठेबाबा म्हणाले. मी सवयीने माजघराकडे वळू लागले, मायला काय सांगायचं ते ऐकत. "तिकडं काय पायतं? तुले इचारून राहिलो. तुले काय वाटते?"

सगळ्या आळीची मतं मी चार दिवस इकडून तिकडे केली होती आणि आता माझं एक वाक्य मला सापडेना. दाराआड माय उभी होती, तिच्या बांगड्या दिसत होत्या. तिने ना खूण केली, ना शब्द पुरवला. मी म्हणाले, "मले शिकाचं आहे." आवाज माझा वाटला नाही.

"मंग अकोल्यात जाऊन काय सांगू?"

"नाई म्हनून सांगा."

"सोपं आहे का ते?" मोठेबाबा म्हणाले, आणि शिदोरी काखेत मारून बाबांसकट निघून गेले.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांनी चुलीजवळ बसून मायला आणि मला सगळं सांगितलं. जठारपेठेतल्या बैठकीत पानाचं तबक आलं, चहा आला, आणि मोठेबाबा ताठ बसून म्हणाले, पोरगी शिकणार आहे, सोयरीक होणार नाही, माफी असावी. मुलाच्या बापाला राग आला. म्हणाला, तुमच्या घरात पोरींच्या मताने चालते का? तर मोठेबाबांनी सुपारीचा तुकडा गालात सरकवला आणि सांगितलं, "आमच्या घरी पह्यलेपासून बायांले इचारल्याबिगर काई होत नाई." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खरा होता, बाबा म्हणाले, की क्षणभर मलाही पटलं.

माय हसली नाही. चुलीतली लाकडं मागे ओढत म्हणाली, "असं म्हनले का ते? चांगलं झालं." तिच्या आवाजात समाधान होतं आणि आणखी काहीतरी होतं, आणि ते काय ते माझ्या उशिरा लक्षात आलं. मोठेबाबांनी मला विचारलं होतं. तिला अजूनही कुणी विचारलं नव्हतं, त्या लाल नाकाच्या बाईशिवाय. बाबा उठून गेल्यावर मी म्हटलं, "माय, तुले काय वाटे? म्हन्जे न्हानपनी. तुले काय कराचं होतं?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "थांब. मले इचार करू दे." आणि राख गोळा करायला लागली.

मला वाटलं, ती विसरली. पावसाळा लागला, कॉलेज सुरू व्हायचा दिवस आला. सकाळी ती माझ्या केसांत तेल घालत होती, दोन वेण्या, रिबिनी. जिजी ओसरीवर मोठेबाबांवर कशावरून तरी ओरडत होती. माय मागून अचानक म्हणाली, "मोटार."

"काय मोटार?"

"तू इचारलं होतं ना. मले मोटार चालवाची होती. अमरावती ते अकोला. मंधात मूर्तिजापुरले चहा." आणि रिबिनीची गाठ गच्च आवळून तिने मला उठवलं.